वरळीकर

मुंबई दूरदर्शन हा माणूस असता तर त्याचं आडनाव वरळीकर असतं, याविषयी मला शंका नाही. पत्ता वरळी, जन्म २ ऑक्टोबर १९७२. गांधीजयंतीचा मुहूर्त, त्यामुळे वाढदिवसाला सगळ्या कचेऱ्या बंद आणि वरळीकर तेवढे ड्यूटीवर. अंगात सफारी, खिशाला पेन, केस चापून बसवलेले. घरी येणार ते संध्याकाळी, ठरल्या वेळी. आल्या आल्या आज आपण काय काय सांगणार आहोत ते सांगणार आणि मग तेच सांगणार. पुढच्या आठवड्यात काय सांगू, याची यादी ‘साप्ताहिकी’त वेगळी.

या पाहुण्याला घरात ठेवून घ्यायचं तर सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरायचे. १९८५ साली ती अट गेली. तोवर सासरेबुवासुद्धा इतक्या कायदेशीरपणे कुणाकडे राहिले नसतील.

वरळीकरांचा खरा जीव शेतीत. ‘आमची माती आमची माणसं’ सुरू झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. समोर गिरगावातली दहा बाय बाराची खोली, खाटेवर आजोबा, जमिनीवर मजल्यावरची सगळी पोरं, दारात चपलांचा ढीग. आणि वरळीकर सांगताहेत, भुईमुगावर मावा पडला तर फवारणी कधी करावी. ज्यांच्याकडे माती म्हणजे गॅलरीतली तुळशीची कुंडी, ती माणसं मान डोलावत ऐकायची. कारण पुढे गाणी असायची आणि उठलं की जागा जायची. युरियाचा दुसरा हप्ता केव्हा द्यावा हे पाठ असलेला बँकेतला कारकून ही जात त्या काळच्या मुंबईतच निपजली. शहराला गावाकडचं निमूटपणे ऐकायला लावणं पुढे कुठल्याच वाहिनीला जमलं नाही. वरळीकरांना जमलं. (दुसरं काही लावायची सोयच नव्हती, हा भाग निराळा.)

माणूस वरवर रुक्ष. पण घरात वावर कुणाचा, तर दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाचा आणि बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊंचा. ‘गजरा’ माळून येणारं हे सरकारी खातं आतून चांगलंच मिश्कील होतं. स्मिता पाटील मराठी बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, असं सांगतात. मला वरळीकरांचा सगळा स्वभाव त्यात दिसतो. टेबलाच्या वर मंत्रालय, टेबलाखाली कॉलेज.

थोरले बंधू दिल्लीला. तेरा वर्षांनी मोठे, १९५९ सालचे. १९८२च्या स्वातंत्र्यदिनापासून त्यांनी रोज रात्री मुक्कामाला यायला सुरुवात केली, तेही रंगीत कपड्यांत. ते आले की वरळीकर बोलता बोलता खुर्चीतून उठायचे. पुढची सगळी बैठक हिंदीत आणि इंग्रजीत. थोरल्यांनी १९८७ साली रामायण लावलं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. वरळीकरांनी त्याचाही कधी हेवा केला नाही. धाकट्या भावाला खुर्ची सोडायची सवय लहानपणीच लागलेली असते.

पुण्याला आले की वरळीकर सिंहगडावर उतरत. गडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून अख्ख्या शहराच्या गच्च्यांवर अँटेना उभ्या. वारा सुटला की एक जण गच्चीत दांडा फिरवणार, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीपुढे. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ तानाजीनंतर त्या गडाकडे इतक्या व्याकूळ नजरेनं पुणेकरांनी बहुधा तेव्हाच पाहिलं.

आणि त्यांचा तो व्यत्यय! ऐन रंगात आलेल्या सिनेमात, नायिका पत्र उघडत असताना, वरळीकर गप्प. समोर पाटी: ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. आपण पाटीकडे बघत बसायचं, पाटी आपल्याकडे. परत यायचे तेव्हा नायिकेचं लग्न होऊन गेलेलं असे. पत्रात काय होतं ते कुणालाच कळत नसे. पण क्षमा मागितलेली असायची. आता चित्र अडकलं की एक चकती गोल गोल फिरत राहते, तिला कसलाच खेद नसतो.

हल्ली ते ‘सह्याद्री’ नाव लावतात. रिमोटच्या कुठल्या आकड्यावर राहतात हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मात्र ‘टिलीमिली’ घेऊन पोरांना शिकवायला तेच बसले. बाकीचे तेव्हा ओरडण्यात गुंतले होते.

मला त्यांना एकदा आजच्या एखाद्या चर्चेत बसवायचं आहे. पडद्यावर आठ चौकटी, आठही तोंडं एकदम सुरू, नववी चौकट वरळीकरांची. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबायची सवय असलेला हा माणूस, तो सगळ्यांचं बोलून व्हायची वाट बघत बसणार. अखेर सूत्रसंचालक ओरडेल, ‘वरळीकर, तीस सेकंदांत सांगा!’ वरळीकर घसा साफ करतील, कागद सारखे करतील, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडतील, ‘नमस्कार. आजच्या कार्यक्रमात आपण प्रथम...’ आणि तेवढ्यात जाहिराती लागतील.