शेठ येतायत, बसा

बाजार तुर्भ्यात आणि नाव वाशीचं, हा अन्याय एपीएमसीने तुर्भेकरांवर कायमचा करून ठेवला आहे. तो विषय पुन्हा कधीतरी. आज मसाला मार्केटमधल्या त्या कॉम्प्युटरबद्दल, जो धन्या-मिरचीच्या पोत्यांपलीकडे, देवाच्या फोटोखाली बारा महिने चालू असतो. त्याच्या कीबोर्डचा मूळ रंग काळा होता हे बिल दाखवल्याशिवाय पटत नाही, इतकी हळद त्यावर बसलेली असते.

ट्रक भरून उभा आहे. ई-वे बिलाची पीडीएफ ‘डाउनलोड्स’मध्ये आहे, याबद्दल गाळ्यात कुणाचंच दुमत नाही. पण तिच्यावर राइट क्लिक केलं की निळं चक्र फिरतं, खिडकी पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं, आणि मग खालची पट्टी, स्टार्टचं बटण, डेस्कटॉपवरची चित्रं असं सगळंच गुल होतं. दोन-चार सेकंदांनी काही झालंच नाही अशा थाटात परत येतं. शेठ म्हणतात व्हायरस. मेहताजी म्हणतात रॅम कमी पडते. ड्रायव्हर काही म्हणत नाही, तो नुसता दारात येऊन उभा राहतो.

आदल्या दिवशी काय केलं होतं, हे कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी एक फुकटातला पीडीएफ कन्व्हर्टर काढून टाकलेला असतो. जाहिराती फार दाखवायचा म्हणून.

आता थोडं तांत्रिक सहन करा. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं, त्याआधी विंडोजमध्ये ‘फाइल मॅनेजर’ नावाचा एक गरीब प्रोग्रॅम होता. फायली दाखवायचा आणि गप्प बसायचा. विंडोज ९५ मध्ये त्याच्या जागी एक्सप्लोरर आला आणि त्याने फायलींबरोबर डेस्कटॉप आणि टास्कबारही ताब्यात घेतला. म्हणून फोल्डर अडकला की पट्टीही जाते आणि लोकांना वाटतं मशीनच गेलं. त्यात मायक्रोसॉफ्टने आणखी एक दिलदारी केली: बाहेरच्या कुणालाही एक्सप्लोररमध्ये येऊन बसायची मुभा दिली. याला शेल एक्स्टेन्शन म्हणतात. तुम्ही राइट क्लिक करता तेव्हा जी हातभर यादी उघडते, त्यातली निम्मी नावं या पाहुण्यांची. ही मंडळी एक्सप्लोररच्या पोटातच चालतात, वेगळी नाही. त्यामुळे पाहुण्याला ठसका लागला की घरमालक आडवा.

बाजाराच्या भाषेत सांगायचं तर असं. एक्सप्लोरर प्रत्येक राइट क्लिकला रजिस्ट्री नावाची वही उघडतो आणि या फाइलचे अडते कोण कोण ते बघतो. एखाद्याचं नाव वहीत राहिलं आणि त्याची फाइल सगळीच नाहीशी झाली असेल तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही, एक्सप्लोरर पुढच्या नावाकडे सरकतो. खरा ताप अर्धवट गेलेल्यांचा. मुख्य प्रोग्रॅम गेला, पण त्याची डीएलएल नावाची एक जोडफाइल मागे राहिली. म्हणजे शेठने गाळा सोडला आणि पोऱ्या ओट्यावर तसाच बसवून ठेवला. एक्सप्लोरर विचारतो, माल देतोस का? पोऱ्या म्हणतो, शेठला विचारून सांगतो, येतायत, बसा. शेठ कधीच येणार नाहीत. एक्सप्लोरर बसतो. तुमचा ट्रकही बसतो.

ती डीएलएल मागे का राहते, यात कटकारस्थान नसतं. ती एक्सप्लोररच्या पोटात चालू असते आणि चालू फाइल विंडोज पुसू देत नाही. म्हणून अनइन्स्टॉलर सांगतो की रीस्टार्ट करा, उरलेलं तेव्हा पुसू. आपण ‘लेटर’ दाबतो, कारण बिलं चालू असतात. रात्री शटडाउन करतो, सकाळी चालू करतो आणि समजतो की झालं रीस्टार्ट. झालेलं नसतं! विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा खरा बंद होतच नाही, तो डिस्कवर झोपवून ठेवला जातो. रीस्टार्ट मात्र खरं असतं. ‘बंद करून चालू कर’ या आपल्या राष्ट्रीय उपायाला मायक्रोसॉफ्टने असा गुपचूप सुरुंग लावला आणि कुणी मोर्चासुद्धा काढला नाही.

कारस्थान असतं ते आत शिरताना. इन्स्टॉल करताना नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मध्ये बारीक अक्षरात आधीच टिक केलेले चौकोन. काढताना मात्र अनइन्स्टॉलर गळ्यात पडतो: का जाताय, काय चुकलं, महिनाभर मोफत देऊ का? ‘राहू द्या’ हे बटण ठळक निळं, ‘काढा’ हे राखाडी. शेवटी ब्राउझर उघडून फॉर्म भरायला लावतो. एवढा पाहुणचार करून निघताना वहीतलं नाव खोडायचं तेवढं विसरतो.

आणि वहीत पुढचा नंबर मिळवायला ही मंडळी काय करतात ते बघा. फाइलच्या चित्रावर हिरवी टिक किंवा निळा ढग दिसतो ना, अशा खुणांसाठी विंडोजकडे एकूण १५ जागा आहेत, त्यातल्या काही त्याने स्वतःकडेच ठेवल्या आहेत. उरलेल्या कुणाला, तर वर्णानुक्रमे येतील त्यांना. मग ड्रॉपबॉक्सने आपल्या नोंदीच्या नावाआधी कोऱ्या जागा टाकल्या, कारण कोरी जागा ‘ए’च्या आधी येते. वनड्राइव्हची नोंदही तशीच कोऱ्या जागेने सुरू होते. वनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टचं. म्हणजे रांग ज्याने लावली, तोच रांगेत घुसला.

अर्धवट मागे राहण्याचं हे दुखणं जुनं आहे. २००८-०९ च्या आसपास सायबर कॅफेतून पेन ड्राइव्ह आणला की व्हायरस मोफत यायचा. अँटिव्हायरस तो मारायचा, पण autorun.inf नावाची चिठ्ठी कधीकधी मागे राहायची. मग डी ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की ‘कशाने उघडू?’ असा प्रश्न. स्वतःचाच ड्राइव्ह, आणि कशाने उघडू! मोठ्या कंपन्यांनीही यात कसर सोडली नाही. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये गुपचूप सॉफ्टवेअर टाकतात, हे मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने उघडकीला आणलं. त्याने ते हाताने काढलं तेव्हा सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. वहीतल्या नोंदी खोडल्यावर परत आला.

याच रसिनोविचचं ‘ऑटोरन्स’ फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर. ते अ‍ॅडमिन म्हणून चालवायचं आणि ‘एक्सप्लोरर’चा टॅब उघडायचा. फाइल सापडत नाही अशा ओळी पिवळ्या दिसतात, त्या निरुपद्रवी असल्या तरी खोडाव्यात. पोऱ्या सापडतो कंपनीच्या नावाच्या रकान्यात: काढून टाकलेल्या कंपनीचं नाव अजून तिथे का आहे? त्या ओळीची टिक काढा. पुसू नका, टिक काढा, म्हणजे चुकलं तर परत लावता येते. नाव ओळखीचं वाटत नसेल तर नीर सोफर यांचं ‘शेलएक्सव्ह्यू’ घ्या, मायक्रोसॉफ्टच्या ओळी लपवा, उरलेल्यांतल्या निम्म्या बंद करा आणि टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. बरं वाटलं तर चोर त्या निम्म्यांत. पुन्हा निम्मे. पाच-सहा फेऱ्यांत हाताला लागतो.

‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा कुणी सुचवेल. ती विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासते आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगते. खरंच ठीक असतं. बिघाड तिच्या हद्दीत नसतो. पोलीस चौकीबाहेर हे उत्तर ऐकायची सवय आहेच आपल्याला.

पण हे सगळं गाळ्यात होत नाही. तिथे टेक्निशियन येतो, दोनदा राइट क्लिक करतो, श्वास सोडतो आणि म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. त्याला येत नाही असं नाही. फॉरमॅटचा दर ठरलेला आहे, तो शेठला पाठ आहे. एका ओळीची टिक काढायचा दर कुठल्याच बोर्डावर नाही. अर्धा तास शोधून टिक काढली आणि पाचशे मागितले, तर शेठ म्हणणार, एक क्लिकच तर केलंस. फॉरमॅटला दुपार जाते, पडद्यावर टक्के सरकताना दिसतात. कामाचे पैसे द्यायला काम दिसावं लागतं.

टॅलीचा बॅकअप कुठे आहे, यावर दोन तास जातात. प्रिंटरची सीडी सापडत नाही. संध्याकाळी चकाचक विंडोज उभं राहतं, राइट क्लिकची यादी बोटभर होते, शेठ खूश. मग टेक्निशियन खिशातून पेन ड्राइव्ह काढतो. त्यात ‘ऑल सॉफ्टवेअर’ नावाचा फोल्डर आहे, गेली कित्येक वर्षं प्रत्येक गाळ्यात तोच उतरतो. जिऱ्याचा भाव पुढच्या आठवड्यात काय होईल हे शेठला विचारत विचारत तो पीडीएफ कन्व्हर्टरवर डबल क्लिक करतो, आणि नेक्स्ट दाबतो.