खाजेला मान नाही

ताप आला की लोक मोसंबी घेऊन येतात. पाय मोडला की प्लास्टरवर सह्या करतात. अंगभर खाज सुटली की बोलता बोलता खुर्ची मागे सरकवतात. इतर दुखण्यांना सहानुभूती मिळते, खाजेला फक्त सल्ले.

शेजारच्या काकूंच्या मते माझं रक्त बिघडलंय. सासूबाईंच्या मते उष्णता, म्हणून वांगं बंद. आत्याने पित्त ठरवलं आणि आमसुलाचं पाणी अंगाला चोळायला लावलं. त्या संध्याकाळी मला सोलकढीचा वास येत होता, खाज होती तशीच. डॉक्टर जे आधी विचारतात ते यातल्या कुणीच विचारलं नाही : अगोदर पुरळ उठलं, की अगोदर खाज सुटली?

पुरळ नसेल तर बहुतेक वेळा कारण अगदीच फडतूस निघतं : कोरडी त्वचा. कढत पाणी, भरपूर साबण, वाढतं वय. एवढ्या हालअपेष्टांमागे निदान काही भारदस्त असावं, अशी रुग्णाची अपेक्षा असते. भारदस्त कारणंही आहेत म्हणा. यकृतात पित्त तुंबणं, मूत्रपिंडं निकामी होणं, थायरॉइड वाढणं, लोह कमी पडणं, एखादं चालू औषध, क्वचित लिम्फोमासुद्धा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजू लागले तर यकृत लगेच तपासतात. (ही यादी वाचताना खाज वाढते. दुसऱ्याला खाजवताना पाहिलं तरी वाढते. याबद्दल दाद कुठे मागायची?)

खरजेचं नाव मात्र घरात काढायचं नाही. ती ‘तसल्या’ लोकांना होते. खरजेच्या किड्याची अर्धा मिलिमीटरही न भरणारी मादी त्वचेत बोगदा खणून अंडी घालते. तिने आमची इभ्रत विचारात घेतल्याचं दिसत नाही. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, कमरेला. मलम गळ्यापासून तळव्यांपर्यंत लावायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, कारण पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला काही आठवडे लागतात. यावर घरचे एकमुखाने म्हणतात, ‘आम्हाला कुठे खाजतंय?’ पुढच्या महिन्यात खाजतं.

आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. तिथे नुसतं मनगट दाखवलं की ट्यूब मिळते : स्टिरॉइड, बुरशीनाशक, अँटिबायोटिक, सगळं एकातच. सुरुवातीला स्वर्ग. मुळात नायटा असेल तर स्टिरॉइडमुळे तो दबल्यासारखा दिसतो आणि मग ऐसपैस पसरतो. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. आमच्या कोपऱ्यापर्यंत ते यायचं आहे.

1660 मध्ये हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली : जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना. त्वचारोगाच्या पुस्तकांत आजही तीच देतात. काकूही याहून जास्त बोलल्या होत्या.

तेव्हा खाज सहा आठवड्यांहून जास्त टिकली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, चालू औषधांची यादी सोबत न्या आणि रक्ताच्या तपासण्यांबद्दल विचारा. वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर सहा आठवडेही थांबू नका. आमसुलं आमटीत घाला.