फ्रेममध्ये माणूस नको

पिंपळीच्या नानांना माणसांचा तिटकारा आहे असं कुणी म्हणू नये. पंगतीत ते आग्रहानं वाढतात, दहाव्याला वेळेवर पोचतात, पाटाच्या पाण्याची पाळी प्रसंगी शेजाऱ्याला सोडतात. पण डोळा कॅमेऱ्याला लागला की माणूस हा प्राणी त्यांना चालत नाही. त्याचा खांब, त्याची तार, ठिबकची नळी, रिकामी बाटली, यातलंही काही चालत नाही. बारामती तालुक्यात असा तुकडा सापडणं किती अवघड आहे, हे सांगायला नको.

उसाच्या शेवटच्या हप्त्यातून त्यांनी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली. सोबत चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आलं. ते घालून माणूस झाडीत दिसेनासा होतो म्हणे. पिंपळीतली कुत्री मात्र नानांना त्या जाकिटावरूनच लांबून ओळखतात आणि आनंदानं धावत येतात. मग आधी कुत्र्यांना हाकलायचं, तोवर पक्षी उडालेला.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आपल्या तालुक्यातलं. चिंकारांसाठी 1997 साली जाहीर झालेलं. क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. नानांच्या मते यात चिंकारा मावतो, पण पार्श्वभूमी मावत नाही. मागं कुठला तरी टॉवर डोकं काढतोच.

म्हणून ते इंदापूरकडे कडबनवाडीला गेले. तिथं वन खात्याची गवताळ सफारी आहे. लांडगा, खोकड, तरस, नशिबात असेल ते दिसतं. नानांच्या नशिबात लांडगा होता. भर उन्हात, गवताच्या कडेला, गाडीकडे तोंड करून उभा. फक्त त्याच्या मागं मेंढरं होती. नानांनी वाटाड्याला विनंती केली, "तेवढा कळप जरा पुढं घ्यायला सांगा." धनगरानं भल्या मनानं कळप हलवला. लांडगा मेंढरांसाठीच आला होता. तोही हलला.

तेव्हा नानांनी ठरवलं की जनावर असं हवं, ज्याचा माणसाशी काही संबंधच नाही. कच्छच्या छोट्या रणातलं घुडखर. सुमारे 4,954 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, सपाट जमीन, ना ऊस ना खांब. घरात ही योजना मांडली तेव्हा नानी भाकरी थापत होत्या. "गाढवंच बघायची तर पौष पुनवेला जेजुरीला जा की. बाजार भरतो. गुजरातची काठेवाडी गाढवं तिथंच येत्यात, तुम्ही कशाला तिकडं जाताय?"

नाना गेलेच. जनावर देखणं आहे, यात वाद नाही. बदामी अंग, पोटाकडे पांढरं, पाठीवर गडद पट्टा, आणि पळायला लागलं की जीप मागं पडते. 1960 च्या दशकात रोगराईनं ही जात इतकी घटली होती की 1969 च्या मोजणीत 362 उरली होती. 2024 च्या गणनेत 7,672 भरली. हे सगळं नाना तोंडपाठ सांगतात. फोटो दाखवताना मात्र त्यांचा आवाज पडतो. कारण रणात अगरिया राहतात. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथं मीठ पिकवतात, आणि आता त्यांच्या पंपांना सौर पॅनल आहेत. घुडखराचा एक झकास कळप नानांसमोर उभा राहिला, तो नेमका पॅनलच्या रांगेपुढं. पॅनल हलवायला सांगण्याइतकी हिंदी नानांना येत नव्हती. उरलेल्या फोटोंत पाठमोरं जनावर आणि धूळ.

भाच्यानं अमेरिकेतून तिथल्या मोकाट घोड्यांचे आणि गाढवांचे फोटो पाठवले; नेवाडाचं माळरान, माणूस औषधालाही नाही. नानांनी चष्मा पुसून पाहिलं आणि निकाल दिला, "हे पाळीवच. स्पॅनिश लोकांनी नेलेले, सुटून गेलेले. 1971 च्या कायद्यानं जंगली झालेत." माहिती खरी आहे. भाच्यानं पुन्हा काही पाठवलं नाही.

यंदा नानांच्याच रानात धनगरांचा वाडा बसला. वाघर लागली, मेंढरं बसली, आणि बांधावर एक तांबडं तट्टू उभं राहिलं. भीमथडीचं. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवरून लांबलांबच्या मुलखात गेल्या, त्यांचा हा वंशज. कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोनं देशातली घोड्यांची आठवी जात म्हणून नोंदवलेला. माझं मत विचाराल तर घुडखराहून मला हाच आवडतो. बुटका, काटक, आणि जगाकडे बघण्याची त्याची नजर तलाठ्यासारखी. त्याच्या पाठीवर पाल, भांडी, दोन कोकरं, आणि सगळ्यात वर एक कोंबडी.

"जनावर चांगलंय," नाना म्हणाले, "पण वर कोंबडी आहे." आणि त्यांनी वाड्यावरच्या धनगर बाईला बिऱ्हाड थोडा वेळ उतरवायला सांगितलं.

"उतरवते की दादा," ती म्हणाली, "पर मग पुढल्या रानापातूर कोण न्हेणार? तुमी?"

आषाढात ग्रामपंचायतीला कॅलेंडरसाठी फोटो हवा होता. तुकोबांची पालखी पिंपळीवरून काटेवाडीला जाते, पुढं बेलवाडीत गोल रिंगण होतं. घोडा पाहिजे म्हटल्यावर नाना तयार झाले. भल्या पहाटे जाऊन त्यांनी तिपाई रोवली. पताकावाले धावून गेले, तुळशीवाल्या बाया धावल्या, विणेकरी धावले. नाना निर्विकार, कारण ती सगळी माणसं. मग अश्व सुटले, टापांखालची माती उडाली, ती कपाळाला लावायला गर्दी सरकली आणि नाना लेन्समागून ओरडले, "माउली, मागं सरा! फ्रेममध्ये येताय!"

शेजारच्या आजीनं डोक्यावरची तुळस सावरली.

"किती मागं सरू रं लेकरा, देहूपातूर?"