भीतीचा सराफ

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते तिथल्या सोन्याच्या बाजारामुळे. दागिना पुढे ठेवला की सराफ तो कसोटीवर घासतो, डोळे बारीक करतो आणि मग आकडा सांगतो. तोवर गिऱ्हाइकाने गप्प बसायचं असतं. याच शहरात आणि पलीकडे धुळ्यातही आणखी एक सराफी चालते. तिला दुकान नाही, पाटी नाही, मजुरी नाही. तिथे भीती पारखून मिळते. या सराफाचं वय साधारण चाळिशीच्या अल्याडपल्याड. दिवसा तो जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, शाळेत गणित शिकवतो किंवा बँकेत कर्जाच्या फायली उलटतो. त्याची खरी पेढी उघडते ती हिवाळ्यात, मळ्यात भरीत पार्टी ठरली की. कपाशीच्या काड्यांवर वांगी चरचरू लागतात आणि एखादा नवखा बोलून जातो, की परवा अमुक सिनेमा पाहिला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग हा सराफ हातातली कळण्याची भाकरी ताटात ठेवतो, बोटं पुसतो आणि निकाल देतो, “त्याच्यात काही दम नाही भो.” वांगं सोलून व्हायच्या आत त्या बिचाऱ्याची रात्रभराची भीती चौदा कॅरेटवर आलेली असते.

त्याचे भाव ठरलेले आहेत. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (1984) अठरा कॅरेट, कारण त्यातलं भूत फार दिसतं आणि दिसणाऱ्या भुतात घट जास्त. रामगोपाल वर्माचा ‘भूत’ (2003) बावीस, कारण त्याने गाणी काढून टाकली आणि भुताला हवेलीतून उचलून मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणलं. ‘द एक्सॉर्सिस्ट’ (1973) तेवीस, पण हिंदीत डब केलेला पाहिला असेल तर दोन कॅरेट वजा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा म्हणजे घडीव दागिना, सोन्याइतकेच पैसे कारागिरीचे. आणि नारायण धारप म्हणजे बिस्कीट. तिथे घासून पाहायचंसुद्धा नाही, नुसतं तिजोरीत ठेवायचं. ‘लुचाई’ वाचली नाही असं कुणी कबूल केलं, तर हा त्याच्याकडे बेन्टेक्सच्या बांगडीकडे पाहावं तसा पाहतो. आपण स्वतः कशाला घाबरतो, हे मात्र तो सांगत नाही. सराफ स्वतःच्या घरातलं सोनं कधी चारचौघांत काढतो का?

या माणसाची थट्टा करणं सोपं आहे. तरी त्याच्या यादीकडे जरा गांभीर्याने पाहिलं पाहिजे, कारण ती दिसते तशी पुस्तकांची आणि सिनेमांची यादी नाहीच. ती त्याच्या झोपण्याच्या जागांची यादी आहे. 1993 साली आलेला महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा सरळसरळ विनोदी सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे त्यात जीव तोडून हसवत होते. तरीही त्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी त्यातल्या बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूच्या धाकाने घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडल्या. त्याच वर्षी टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि त्याच्या सुरुवातीच्या संगीतानेच अनेकांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. आज तेच भाग पाहिले तर मुखवट्याची शिवण दिसते. शिवण तेव्हाही होती. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या वयात, खोलीतल्या दिव्यात आणि संडास अंगणापलीकडे होता की बेडरूमला लागून आहे यात. ‘तुंबाड’ हे तर ताजं उदाहरण. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा 2018 मध्ये आला आणि बेताचा चालला; 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. सिनेमा तोच, वाडा तोच, पाऊस तोच. वाढली ती पाहणाऱ्यांची तयारी. मग कॅरेट सोन्याचं मोजायचं की घालणाऱ्याच्या गळ्याचं?

यावर सराफाचा आक्षेप तयार असतो आणि तो पोकळ नाही. भीती सगळी बघणाऱ्यातच असेल तर कुणाच्याही कथेने कुणीही घाबरायला हवं. मग एकट्या धारपांचं नाव दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी का? ‘एक्सॉर्सिस्ट’ लागला तेव्हा अमेरिकेत प्रेक्षक थिएटरात चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या छापून आल्या, त्या सगळ्यांच्या घरी का संडास अंगणापलीकडे होता? आक्षेप निम्मा मान्य करावाच लागेल. कारागिरी असते. पण ती नेमकी कशात असते, याचा पुरावा धारपच देतात. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली आहे आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर. म्हणजे कच्चा माल अमेरिकेतला. पण मराठी वाचक घाबरला तो माल मराठी वस्तीत उतरल्यावर, माणसं आपल्यासारखी बोलू लागल्यावर. धारपांचं कसब असं, की ते भुताचं वर्णन आटोपशीर ठेवतात आणि घराचं सविस्तर करतात. त्या घरात वाचक कधी आपलं घर भरतो हे त्यालाही कळत नाही. उत्तम भयकथा वाचकाच्या घराची किल्ली मागून घेते. आत आल्यावर तिला काही करावं लागत नाही, बाकीचं काम घरच करतं.

खानदेशी सराफाची खरी अडचण इथे सुरू होते. मराठी भीतीला लागणारं घर बहुतेक वेळा कोकणात असतं. ‘तुंबाड’ कोकणात, ‘मुंज्या’ कोकणात, ‘रात्रीस खेळ चाले’ तर गजालींसकट कोकणात. तिथे पाऊस आहे, माड आहेत, परसातली विहीर आहे, संध्याकाळी पाचलाच काळोख करणारी झाडी आहे. खानदेशात काय आहे? मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा, लख्ख ऊन आणि खडखडणारा कूलर. त्या कूलरच्या आवाजात भुताने दार करकरवलं तरी ऐकू यायचं नाही. गच्चीवर ओळीने अंथरुणं टाकून सगळी गल्ली झोपलेली असताना पांढऱ्या साडीतल्या बाईने नेमकं कुणाच्या उशाशी उभं राहायचं? इथलं जुनं भूत म्हणूनच वेळेचं पक्कं आहे. भर बाराच्या उन्हात चिंचेखाली जाऊ नये, तिथे काहीतरी धरतं, असं आजी सांगायची आणि पोरं दुपारभर घरात राहायची. उष्माघाताचं पत्रक काढायला सरकारला बरीच वर्षं लागली. ते काम त्याआधी चिंचेवरचं भूत बिनपगारी करत होतं. सराफाच्या यादीत या भुताला जागा नाही, कारण त्यावर सिनेमा निघालेला नाही.

यादीत जागा नसलेलं आणखी बरंच काही आहे. शेतीच्या विजेच्या पाळ्या असतात आणि रात्रपाळीच्या आठवड्यात रावेर-यावलच्या केळीच्या बागेत शेतकरी मध्यरात्री मोटर चालू करायला निघतो. केळीची बाग रात्री दाट काळोखी असते, पाय ओल्यात, पानं अंगावर घासतात. एखाद्या दिग्दर्शकाने हे दृश्य रंगवलं तर सराफ त्याला तेवीस कॅरेट सहज देईल. पण त्या माणसाच्या मनात हडळ नसते; साप असतो, उघडी वायर असते. 2017 च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या परिसरात एका नरभक्षक बिबट्याने माणसं मारली. डिसेंबरात त्याला ठार करेपर्यंत तिथल्या गावांनी जी संध्याकाळ अनुभवली, तिला शेवटी नामावली येणार नव्हती. कन्नडच्या घाटातही तसंच. पांढरी साडी प्रत्येक घाटाला लोकांनी नेसवलेली असते, पण उतरताना ड्रायव्हर आरशात बघतो ते मागून ब्रेक सोडून येणाऱ्या ट्रककडे. तेव्हा सराफ जिची किंमत ठरवतो ती भीती एका विशिष्ट जातीची आहे: जिला लेखक आहे, तिकीट आहे आणि शेवटचं पान आहे. ती धोक्याची भीती नव्हे, सुरक्षित माणसाची चैन आहे. चैन वाईट नसते. गळ्यातल्या चेनीने पोट भरत नाही, एवढंच.

इथपर्यंत हसायला हरकत नव्हती. पण याच मुलखात शेवटचं पान नसलेल्या गोष्टीही चालतात. सातपुड्याच्या काही पाड्यांवर एखाद्या घरात मूल दगावलं किंवा गुरं मेली की कुणा बाईला डाकीण ठरवतात. बहुधा ती एकटी असते, कधी तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते. पडद्यावरची डाकीण दिवे लागले की संपते. ही बाई दुसऱ्या दिवशी पाण्याला जाते आणि तिच्यासाठी विहिरीवरची गर्दी बाजूला होते. अशा अघोरी प्रकारांना आळा घालणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 मध्ये झाला, तोही ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं त्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. आणि 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश मोबाइलवरून पसरले होते, तेवढंच त्यांचं भूत. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ज्या गोष्टीने लोकांना सर्वांत जास्त घाबरवलं, तिला लेखक नव्हता, मुखपृष्ठ नव्हतं आणि ती कुणी कसोटीवर घासलीही नाही.

आता दुसरा आक्षेप येतो, तो सुधारकांकडून. भयपटांनी आणि भयकथांनीच ही हवा तयार केली. उलट्या पायांची बाई पडद्यावर दाखवायची आणि मग गावात डाकीण का शोधतात म्हणून आश्चर्य करायचं, हे ढोंग नव्हे का? यातही तथ्य आहे: सिनेमा जुन्या अंधश्रद्धेला नवा चेहरा आणि नवं पार्श्वसंगीत देतो. पण डाकीण प्रथा सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे आणि राईनपाड्याच्या अफवेत भूत नव्हतंच. होता तो परका माणूस. शिवाय भयकथा वाचणारा माणूस एक गोष्ट नकळत शिकतो: छाती धडधडणं हा समोरच्या वस्तूच्या खरेपणाचा पुरावा नाही. घाबरूनही तो पान उलटतो, पुस्तक मिटतो आणि चहा टाकायला उठतो. अफवेपुढे नेमकी हीच सवय लागते: धडधड ऐकायची, पण तिच्या सांगण्यावरून काठी उचलायची नाही. या हिशेबाने पाहिलं तर धारपांची वाचनालयातली, कव्हर निघालेली प्रत ही विवेकाची तालीमच आहे. दोष असलाच तर तालीम करणाऱ्याने आखाड्याबाहेर पाऊल टाकताच सगळे डाव विसरण्यात आहे.

आपला सराफ नेमका तिथेच चुकतो. ‘पुराना मंदिर’ची घट तो डोळे मिटून सांगतो. ‘भूत’मध्ये कॅमेरा कुठे हलला आणि तो का हलायला नको होता, यावर भरिताची परात रिकामी होईपर्यंत बोलतो. तोंडाला रंग फासलेल्या भुताला तो फसणार नाही. मग खिशातला मोबाइल थरथरतो. आपल्या भागात अमुक वेशातली माणसं फिरताहेत, मुलांना सांभाळा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. खाली सही नाही, तारीख नाही, गावाचं नाव नाही. लिहिणाऱ्याला शुद्धलेखनाचीही भीती नाही. रामशांच्या सिनेमात एवढी घट निघाली असती तर यानेच दहा कॅरेट कापले असते. इथे मात्र त्याचे डोळे बारीक होत नाहीत. अंगठा वर जातो, संदेश पाच जणांना पोचतो आणि कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, “आला तसा पाठवला भो, आपलं काय जातं?” सोन्याच्या पेढीवर हे उत्तर देणारा सराफ दुसऱ्या दिवशी दुकान उघडू शकत नाही. भीतीच्या पेढीवर मात्र पुढच्या भरीत पार्टीचं पहिलं आमंत्रण त्यालाच जातं.