प्रकृतीसाठी थोडीशी

महाराष्ट्रात चैनीखातर कोणी दारू पीत नाही. 1949 सालचा दारूबंदी कायदा अजून हयात आहे आणि त्याच्या लेखी पिणाऱ्याला परवाना मिळतो तो प्रकृती राखण्यासाठी. एका दिवसाची प्रकृती देशीवर राखायची तर 2 रुपये, विदेशीवर 5. जन्मभराची 1000 रुपयांत. या आरोग्यसेवेपोटी तिजोरीत वर्षाला 20 हजार कोटींहून अधिक जमा होतात. वयाचाही हिशेब चोख: 21व्या वर्षी ग्रामपंचायतीची उमेदवारी आणि बिअर, 25व्या वर्षी विधानसभेची उमेदवारी आणि व्हिस्की. (दोन्हींची नशा सारखीच असावी, असा कायदेपंडितांचा कयास दिसतो.)

आजोबांच्या पिढीत चंची सुटल्याशिवाय गप्पा रंगत नसत, आजीच्या मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नसे; दारू म्हटली की मात्र 'एकच प्याला' नाटकातला दारुडा तळीराम डोळ्यांपुढे येई. नातवाच्या पिढीत पारडं फिरलं. 2 ऑक्टोबर 2008पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आली, सिगारेटवाला ऑफिसबाहेरच्या टपरीमागे गेला आणि ग्लास लग्नाच्या हॉलमध्ये आला. धूर शेजाऱ्याच्या फुफ्फुसात शिरतो, दारू पिणाऱ्याच्याच पोटात जाते; तेव्हा त्यात इतरांनी का पडावं, असं नातू विचारतो. प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो पगार बँकेत जमा होणाऱ्या घरातला आहे. रोजंदारीच्या घरात दारू आधी मजुरी पिते, मग माणूस. गावोगावच्या बायका मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद पाडायला, म्हणजे 'आडवी बाटली' करायला निघाल्या त्या कोणाच्या पोटात काय जातं हे पाहायला नव्हे, चुलीवर काय चढत नाही ते सांगायला.

बंदी फसते, हा दुसरा आक्षेप, आणि तो खराच आहे. चंद्रपुरात 2015ला आलेली बंदी 2021ला उठली. मधल्या काळात चोरटी दारू वाहतच होती. म्हणून बंदीचं समर्थन राहू द्या. स्वातंत्र्याचाच मुद्दा असेल, तर दुकान आपल्या गावात असावं की नसावं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य गावातल्या बायकांनाही सारख्याच मापाने मिळायला हवं. तिथे माप बदलतं. आमदार प्रत्यक्ष पडलेल्या मतांच्या जोरावर निवडून येतो, त्यातली निम्मीही लागत नाहीत. बाटली आडवी करायला मात्र यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. त्या दिवशी ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, यादीतून नाव न निघालेली मयत, सगळ्याजणी उभ्या बाटलीच्या खात्यात.