ग्राफिन किती टक्के, खां?

भोपाळमध्ये हल्ली कुणाची ऐपत जोखायची तर दारातली गाडी बघू नये, स्पीकरची वायर बघावी. अरेरा कॉलनीतल्या आमच्या एका स्नेह्यांची वायर चांदीची आहे. हेडफोनच्या पडद्यावर ग्राफिन, अ‍ॅम्प्लिफायरखाली कार्बन फायबरच्या चकत्या, ट्वीटर बेरिलियमचा. एवढ्या बंदोबस्तात कुमार गंधर्व गातात. क्षयाने एक फुफ्फुस निकामी केल्यावरही इथून जवळच, देवासला राहून ते गायले, पण स्नेह्यांच्या मते ते 'खरे' ऐकू आले गेल्या दिवाळीपासून. दुकानदार म्हणाला होता, "एक बार सुन लो खां, परदा हट जाएगा." पडदा हटला की नाही ते माहीत नाही, दीड लाख हटले.

गंमत अशी, की 'प्रगत पदार्थ' हे नाव पाटीवर मिरवणारी सरकारी प्रयोगशाळा आपल्याच गावात आहे. होशंगाबाद रोडवरची सीएसआयआरची अ‍ॅम्प्री. 1981 साली रिजनल रिसर्च लॅबोरेटरी म्हणून सुरू झाली, 2007 मध्ये तिचं बारसं नव्याने झालं. तिथले प्रगत पदार्थ कोणते? औष्णिक केंद्रातली राख, अ‍ॅल्युमिना कारखान्यातला लाल चिखल, बांबू. त्या लाल चिखलापासून त्यांनी एक्स-रेच्या खोलीसाठी शिशाविना चालणाऱ्या फरशा केल्या आहेत. एम. पी. नगरच्या शोरूममध्ये चिखल कोण ठेवणार म्हणा! पण अशा प्रयोगशाळेत काय मिसळलं, वजनाच्या किती टक्के मिसळलं आणि साध्या नमुन्याच्या तुलनेत काय फरक पडला, हे सांगितल्याशिवाय सुटका नसते.

ग्राफिन खरोखर अद्भुत आहे. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत ते वेगळं केलं आणि 2010 चं नोबेल घेतलं. म्हणून मी दुकानदाराला विचारलं, या हेडफोनमध्ये ते आहे किती? थर किती जाडीचा? ग्राफिन न लावलेला हाच पडदा शेजारी ठेवून कुणी मोजमाप केलं का? त्याने चकचकीत पुस्तिका पुढे सरकवली. तीत रेशमी तारसप्तक होतं, श्वास घेणारा खर्ज होता, आणि आकडा एकच होता. किमतीचा.

बेरिलियमबद्दल मात्र चेष्टा करणार नाही. यामाहाने 1974 मध्ये एनएस-1000 या स्पीकरमध्ये ते वापरलं, त्याला कारण होतं. धातू हलका आणि कमालीचा ताठ, त्यातून ध्वनी अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीने धावतो, त्यामुळे ट्वीटरचा घुमट ऐकू येणाऱ्या पट्ट्यात वेडावाकडा थरथरत नाही. हे मोजता येतं. फक्त पन्नाशीनंतर बहुतेकांच्या कानांना 12-13 हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, आणि बेरिलियमची खरी मर्दुमकी त्याच्याही वर चालते. थोडक्यात, ज्याला परवडतो त्याला ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येईल तो पॉलिटेक्निक चौराह्यावर दोनशे रुपयांचे इयरफोन कोंबून बसची वाट बघतोय.

आणि चांदी? तांब्याहून ती सुमारे सहा टक्के जास्त वाहक. तेवढी भरपाई थोड्या जाड तांब्याच्या वायरीने होते. शिवाय स्नेह्यांची वीज शेकडो किलोमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून येते, खांबावरून लोंबते, आणि शेवटच्या तीन मीटरांत तिला म्हणे चांदीचा संस्कार लागतो, कारण त्यांनी पॉवर केबलही बदलली आहे. भेलच्या अजस्र ट्रान्सफॉर्मरांना तांबं पुरतं, आमच्या स्नेह्यांच्या कुमारांना पुरत नाही.

मी खोलीकडे बघितलं. खाली संगमरवर, समोर काचेची भिंत, वर पीओपी. संगमरवर अंगावर आलेल्या आवाजातला जेमतेम एक टक्का शोषतो, उरलेला परत फेकतो. जाड, चुण्यांचा पडदा मधल्या स्वरांतला निम्म्याहून जास्त गिळतो. म्हटलं, काका, न्यू मार्केटमधून जाड पडदे आणा, खाली सतरंजी टाका, मग ऐका.

काकांनी सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पडद्यात ग्राफिनचा धागा मिळतो का हो?"