सैतानाची थरथर, सावेडीत

"मावशी, दुपारी डोळा लागला का तुमचा?"

"कुठला लागतोय! पलीकडची नात व्हायोलिन घेऊन बसली होती ना."

"तेच म्हणते मी. एकच सूर नुसता थरथरवते. आमचे हे म्हणाले, पोरगी अडकली वाटतं."

"अडकली नाही गं, घोटतेय. तिची आई गोव्याची, शिवोलीची. तिकडे चर्चच्या शाळेत पोर्तुगीजांच्या काळापासून पोरांना व्हायोलिन शिकवत आलेत. आपल्या नगरला मिशन अमेरिकन; त्यात रेव्हरंड टिळकांनी भजनं रचली, म्हणून आम्ही पेटी-तबल्यावर वाढलो. ती वाजवते तो सोनाटा इटलीच्या तार्तीनीचा. नाव काय, तर सैतानाची थरथर!"

"अगंबाई! आणि तुम्ही चर्चला जाणारी माणसं ऐकून घेता?"

"पोरीनंच सांगितलं सगळं, पायरीवर बसून. 1713 साली म्हणे त्याला स्वप्न पडलं. सैतानाशी सौदा झाला, ह्यानं आपलं व्हायोलिन त्याच्या हातात दिलं, आणि सैतानानं असं काही वाजवलं की ह्याचा श्वास अडकला. उठून लिहायला बसला, पण ते काही हाती लागेना. म्हातारपणी लालांद नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला त्यानं हे सांगितलं. जाणकार मात्र म्हणतात, ही रचना त्या वेळची नाहीच, बरीच नंतरची. छापली तीही तो गेल्यावर, 1798 च्या सुमाराला."

"म्हणजे थापच की!"

"असेल. वाजवायला मात्र खरीच अवघड. एका तारेवर दोन सूर भराभर हलते ठेवायचे आणि उरलेल्या बोटांनी शेजारच्या तारेवर चाल काढायची. एकाच हातानं पोळी लाटायची नि भाजीही ढवळायची, तसं. पण खरी गंमत पुढंच आहे. घरच्यांना त्याला पाद्री करायचा होता. हा पादुआला कायदा शिकायला गेला, तलवारबाजीत रमला आणि 1710 मध्ये गुपचूप लग्न करून बसला! मुलगी वयानं मोठी, घराणं साधं, आणि तिच्यावर तिथल्या कार्डिनलची मर्जी."

"अय्या! मग?"

"मग काय, पळवून नेल्याचा आरोप. हा पठ्ठ्या असिसीच्या मठात जाऊन लपला. तिथंच व्हायोलिनवर हात बसवला म्हणतात."

"आणि ती बिचारी?"

"पुढं कार्डिनल निवळला, मिटलं सगळं. 1721 पासून पादुआच्या संत अँथनीच्या चर्चमध्ये पहिला वादक. शिवोलीचं चर्चही त्याच संताचं, म्हणून सूनबाईला त्याचं भारी कौतुक."

"ते असू द्या. मला सांगा, एवढा मोठा कार्डिनल, निवळला कसा? काहीतरी असणारच त्यात."

"ते विचारायचं राहिलं बघ. संध्याकाळी पोरगी दूध न्यायला बाहेर पडली की हाक मार मला."